कोणता बाप्पा?

दारव्हा,
९ ऑगस्ट २००६

मोठेबाबा, जयभीम.

हे पत्र मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं असतं तर ते मोठ्या आईच्या हाती पडलं असतं, तिनं तुम्हाला काहीतरी विचारलं असतं आणि तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं. मला तुम्हाला कोणत्याही उत्तरात अडकवायचं नाही. मी लिहिते आहे हे बाबांना ठाऊक नाही. आईला ठाऊक आहे. ती म्हणाली, "लिव. शाई वाया जाईन, दुसरं काय होईन!"

'कवडी' तुम्हाला पोचली हे हिरासिंगकाकांनी सांगितलं. एसटीच्या उमरखेड गाडीवर त्यांची ड्युटी लागली तेव्हा त्यांनी सीडी स्वतः शाळेत आणून दिली ना? परत आल्यावर बाबा त्यांना काहीच विचारेनात. बेस गिटारच्या तारा उगाच पुसत बसले. शेवटी हिरासिंगकाका आपणहून म्हणाले, "घेतली. थैलीत ठेवली. मले पानी पाजलं. बस." बाबा म्हणाले, "मी इच्यारलं का तुले?"

तुम्ही ती ऐकली की नाही हे मी विचारत नाही. पण नऊ वर्षांनी आपल्या बँडचं, 'पऱ्हाटी'चं, काही नवं आलं आहे, आणि ते तुमच्या आवाजाशिवाय आलेलं पहिलंच आहे. तेव्हा लोक त्याबद्दल काय म्हणतात एवढं तरी तुम्हाला कळावं. कात्रणं जपून ठेवते आहे, त्यातलं जसंच्या तसं लिहिते. मधे माझं मत आलं तर माफ करा.

नागपूरच्या दैनिकानं चार ओळी दिल्या. 'जुनी धग आता उरलेली नाही. संघदीपच्या जागी एक पोकळी ऐकू येते.' तुमच्या नावाशी मी थांबले, तर बाबा मोटरीच्या गाभ्यात तांब्याची तार भरत होते, ते मान न वर करता म्हणाले, "वाच न. खोटं थोडी हाय?" मुंबईच्या इंग्रजी पेपरात आलं की ड्रम पत्र्याच्या छपरावर गारा पडल्यासारखा वाजतो. मी घाबरत घाबरत अर्थ सांगितला. जफरचाचा खूष. "टीन! एकदम सही पकडा उसने. टीनच हाय ते, गॅरेजचं!" आपल्या इथल्या साप्ताहिकानं चांगलं अर्धं पान दिलं, पण मथळ्यात 'कवडी'चं 'कवटी' छापलं. हिरासिंगकाका ते गाडीत प्रवाशांना दाखवत फिरले.

सगळ्यांनी एक गोष्ट न विसरता लिहिली आहे, 'आत्महत्याग्रस्त यवतमाळचा बँड'. जफरचाचा म्हणतात, "अरे लिख दो भाई, हम तिघं अजून जिंदा हाव." असं म्हणून ते, बाबा आणि हिरासिंगकाका हसतात. मला मात्र काही केल्या ठरवता येत नाही की हे लोक गाणं मोजतात की जिल्हा. यंदा बाबांच्या दुकानात विहिरीवरच्या मोटरी दुरुस्तीला येतात, पण दुरुस्त झालेल्या न्यायला कोणी येत नाही. भिंतीशी रांग लागली आहे. गाणी त्या रांगेत बसून झालेली आहेत हे खरं. पण म्हणून ती चांगली होतात का? तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं. शाळेत नाव घालायच्याही आधी तुम्हीच मला घरात पाटीवर शिकवलं, वाक्य लिहिलं की ते खरं आहे का हे आधी विचारायचं आणि मग शुद्ध आहे का. मी अजून त्याच क्रमानं घाबरते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. रविवारी पुण्याच्या पेपराची पुरवणी आली. 'कवडी'वर मोठा लेख आहे, फोटोसकट. एवढं कौतुक आपलं आजवर कोणी केलेलं नाही. बाबांचे हात तारेत होते, म्हणाले, "वाच." मी वाचला. एक परिच्छेद सोडून. तो असा आहे:

"'बोल न बाप्पा' हे या अल्बमचं शिखर. आयुष्यभर देव नाकारणाऱ्या या मंडळींनी आत्महत्यांच्या भूमीत उभं राहून अखेर बाप्पालाच साद घातली आहे. मूर्ती बोलत नाही, तरी भक्त विनवत राहतो. विद्रोहाची जागा शरणागतीनं घेतली आणि म्हणूनच 'पऱ्हाटी' आज खऱ्या अर्थानं प्रौढ झाली."

मोठेबाबा, त्यांना गणपती वाटला.

आपल्याकडे कोणी कोणालाही बाप्पा म्हणतं हे त्यांना कुठून कळणार? आई भाजीवालीला म्हणते, "कितीची देतं बाप्पा?" स्कूटर सुरू झाली नाही की जफरचाचा स्कूटरला म्हणतात. गाण्यात कापसाच्या गाड्यांची रांग आहे, आणि एक जण शेजारच्या गप्प झालेल्या माणसाला म्हणतो आहे, बोल रे काहीतरी. एवढंच.

वाचून दाखवताना एखादा परिच्छेद गाळणं म्हणजे खोटं बोलणं होतं का?

तुमची,
दीपा


दारव्हा,
१७ ऑगस्ट

मोठेबाबा, जयभीम.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मी पायरीवर जाते.

गाळलेला परिच्छेद बाबांना कळला. माझ्याकडून नाही. पुण्याहून फोन आला. मी दुकानातच होते. बाबांनी फोन उचलला, मोठ्यानं बोलत होते, आणि पलीकडचा माणूस त्याहून मोठ्यानं, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू आल्या. तो एका मंडळाचा कार्यकर्ता होता. म्हणाला, लेख वाचला, भारावून गेलो, तुमचा कार्यक्रम आम्हाला हवा. बाबा उठून उभेच राहिले. तुम्हाला माहीत आहे, आपल्याला पुण्याहून कधी कोणी बोलावलेलं नाही.

"येऊ न, काहून नाही येनार!"

"आणि सुरुवात त्या बाप्पाच्या गाण्यानंच करायची बरं का."

"कोणता बाप्पा?"

"अहो, आपला बाप्पा!"

"आपला म्हंजे कोणाचा?"

"गणपतीबाप्पा हो! पहिल्याच दिवशी, आरती झाली की लगेच तुम्ही."

बाबांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग फार सभ्यपणे म्हणाले, "साहेब, आमी येतो. पण ते गानं गनपतीचं नोहे."

"मग कोणाचं आहे?"

बाबांनी रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "ते तुमाले सांगता येनार नाही." त्या माणसानं कळवतो म्हटलं. कळवणार नाही, हे मलाही कळलं.

मग ते माझ्याकडे वळले. "आन तो पेपर. सोडलेलं वाच." मी वाचलं. ते हसले. इतके हसले की समोरच्या गॅरेजातून जफरचाचा हात पुसत आले, त्यांनीही वाचायला लावलं. चाचा म्हणाले, "इंद्रजित, मुबारक हो! तू प्रौढ झाला बे!" आणि दोघं पुन्हा हसत सुटले. आई चहा घेऊन आली, तिनं ऐकलं, ती नाही हसली. "हासा," म्हणाली. "उद्या विहारात वाचतीन, मंग हासा."

बाबांचं हसू एकदम थांबलं.

मला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल तर तसं नाही. मला एकच गोष्ट सारखी डाचते. हा माणूस वाईट लिहीत नाही. गिटारबद्दल, जफरचाचांच्या टिनबद्दल त्यानं जे लिहिलं ते मी वाचलेलं सगळ्यात बारकाईचं आहे. त्यानं सगळं नीट ऐकलं आणि एक शब्द चुकला, आणि त्या एका शब्दावर पुढचं सगळं रचलं. आता कौतुक परत करायचं म्हटलं तर कुठून उसवायचं?

तुम्ही म्हणाल, मी सांगतच होतो. मला आठवतं, मी दहावीत होते. अमरावतीचा कार्यक्रम करून तुम्ही दोघं भाऊ परत आलात आणि अंगणातच भांडण झालं. लोक 'मले-तुले'ला हसले म्हणून तुम्ही म्हणालात, आपल्या माणसांनी शिकून जी भाषा मिळवली ती स्टेजवर का टाकून द्यायची? बाबासाहेब सुटात उभे राहिले, आपण शब्द का फाटके घालायचे? बाबा म्हणाले, फाटके नाहीत, घरचे आहेत. तुम्ही म्हणालात, घराबाहेर कोणाला कळणार नाहीत. मग बाबा जे म्हणाले, "तू वर्गात मास्तर हो, गान्यात नको होऊ," ते त्यांनी म्हणायला नको होतं. तुम्हीही त्याच महिन्यात उमरखेडला बदली मागून घ्यायला नको होती. माफ करा. हे खोडणार होते, पण खोडलेलं दिसलं असतं.

पुण्याला खरंच कळलं नाही. तुमचं बरोबर ठरलं, आणि मला अजिबात बरं वाटत नाही.

दीपा


दारव्हा,
२८ ऑगस्ट

मोठेबाबा, जयभीम.

आईचं खरं झालं. काल वंदना झाल्यावर श्रावणभाऊंनी बाबांना थांबवून घेतलं. ते आता विहार समितीचे सचिव आहेत. वाईट माणूस नाही, पण त्यांच्या खिशात पेपराची घडी होती आणि ती उघडण्याआधीच मी ओळखली. काल गणपती बसले, त्यामुळे रस्त्यावर 'बाप्पा मोरया' चाललेलंच होतं, आत विहारात प्रत्येक आरोळी ऐकू येत होती. याहून वाईट दिवस मिळाला नसता.

यंदा धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतात. १४ ऑक्टोबरला विहारापुढे मोठा कार्यक्रम आहे, शेवटचं गाणं 'पऱ्हाटी'चं हे गेल्या वर्षीच ठरलं होतं. तुम्ही दोघांनी पहिलं गाणं त्याच ओट्यावर म्हटलं, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. बाबा त्या दिवसासाठी महिनाभर गळा सांभाळत आहेत. लोणचं सोडलं आहे.

श्रावणभाऊंनी तो परिच्छेद सगळ्यांसमोर वाचला. मी सोडला होता तोच. त्यांनी 'शरणागती' हा शब्द दोनदा वाचला.

"आता सांगा इंद्रजितभाऊ, हे काय हाय?"

"गलत लिवलं हाय."

"गलत लिवलं तं तुमी काही छापून आनलं का, का गलत हाय म्हनून?"

"श्रावण, तू सोता दिवसातून शंभरदा बाप्पा म्हनतं. काल तुह्या बैलाले म्हनलं."

लोक हसले. श्रावणभाऊही हसले, पण लगेच सावरले. "मी म्हनतो तं मले पुन्याचा पेपर भक्त नाही म्हनत. पाव्हने येतीन नागपूरहून, भंतेजी येतीन. बावीस प्रतिज्ञा म्हनून झाल्यावर आपल्या स्टेजवरून माइकात 'बाप्पा बाप्पा' चालू झालं तं तोंड कोठी लपवू?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सीडी गनपतीच्या तोंडावरच आनली ना राजेहो, धंद्याची अक्कल हाय." ते कोण होतं ते मला दिसलं नाही. बाबांना दिसलं असावं. त्यांची मान ताठ झाली.

मग श्रावणभाऊंनी वाट काढली. मला ती तेव्हा फारच चांगली वाटली. म्हणाले, "एक करा. गानं तेच ठेवा. फक्त बाप्पाच्या जागी भाऊ म्हना. 'बोल न भाऊ'. मात्रा बसते, अर्थ बसते, कोणाचा वांदा नाही. स्टेज तुमचंच."

मी मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. बसतं, मोठेबाबा. 'भाऊ'नं सगळं सुटतं. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते आता हो म्हणतील.

ते म्हणाले, "भाऊ नाही म्हननार."

"काहून?"

"नाही म्हननार."

"अहो पण काहून?"

"मंग स्टेजच नको."

आणि चप्पल घालून निघून आले. घरी आल्यावर आई म्हणाली, "एका शब्दासाठी!" तर ते म्हणाले, "विहारानं नाही म्हनलं तं मी कोणाले गाऊ? 'कवडी' शेवटची. संपलं." गिटार त्यांनी खोळीत घातली. खोळीची चेन लागत नव्हती तर तारेनं बांधली.

समितीनं अजून नाव काढलेलं नाही. सप्टेंबरअखेर पत्रिका छापायला जाणार आहे.

दीपा


दारव्हा,
१० सप्टेंबर

मोठेबाबा,

मी पुण्याच्या संपादकांना एक पत्र लिहायला घेतलं होतं. पाच-सहा वेळा लिहिलं आणि फाडलं. माझं नाव सीडीच्या कागदावर आहे, गाण्यांची शुद्ध प्रत मी केली होती. मुलीनं बापाच्या गाण्याचा बचाव केला एवढंच दिसेल. शिवाय मी कोण? बी.ए. होऊन घरी शिकवण्या घेणारी. त्यांनी विचारलं, कशावरून, तर मी काय सांगू? आमच्या आईवरून?

तुम्ही लिहिलंत तर? तुम्ही मराठीचे शिक्षक आहात. 'पऱ्हाटी'चा पहिला आवाज तुमचा आहे, हे त्या लेखातही आहे. तुमचं श्रावणभाऊ ऐकतात, पुणंही ऐकेल. फक्त शब्दाचा अर्थ सांगायचा आहे, गाणं चांगलं आहे असं लिहायची गरज नाही.

हे लिहिताना मला समजतं आहे मी तुमच्याकडे काय मागते आहे. ज्या भाषेत गाऊ नका म्हणून तुम्ही घर सोडलं, ती भाषा बरोबर आहे असं तुम्ही पेपरात सांगायचं. हे मागणं न्याय्य आहे का याचा मी चार रात्री विचार केला. न्याय्य नाही. तरी मागते आहे.

जफरचाचा संध्याकाळी येतात, ड्रमच्या काड्या खिशात असतात, बाबा मोटरीबद्दल बोलतात आणि चाचा परत जातात. काल जाताना दारातून म्हणाले, "बेटा, तुझा बाप लय जिद्दी हाय. पण भाऊ म्हनायले इतकं काय दुखते त्याले? मले तं रोज म्हनते."

त्यावरून मला काहीतरी सुचलं आहे. आज लिहीत नाही. खात्री करून घेते.

दीपा


दारव्हा,
१८ सप्टेंबर

मोठेबाबा,

खात्री झाली. लिहू नये असं वाटतं आहे आणि लिहिलं नाही तर पत्रिका छापून जाईल.

मी बाबांना सरळ विचारलं. जेवताना नाही, दुकानात, त्यांचे हात गुंतलेले असताना, कारण तेव्हाच ते बोलतात. म्हटलं, बाबा, श्रावणभाऊ म्हणतात ते मात्रेत बसतं ना?

"बसते."

"मग?"

"बाप्पा कोणीही असते पोट्टे. रस्त्यानं जानारा असते. भाऊ म्हनलं का मंग एकच मानूस उरते."

एवढं बोलून त्यांनी तार तोडली. मुद्दाम नव्हे, तुटली.

बस. मला आणखी काही विचारावं लागलं नाही. आता ते गाणं पुन्हा ऐका, किंवा पहिल्यांदा ऐका. 'गाडीमागं गाडी लागली, बैल बसले खाली, बोल न बाप्पा, काहीतरी बोल, तोंडाची चव गेली.' त्या रांगेत जो गप्प बसला आहे तो शेतकरी नाही आणि देव तर नाहीच. बाबांनी तुम्हाला सगळ्या गावासमोर हाक मारायची होती आणि कोणाला कळूही द्यायचं नव्हतं. म्हणून त्यांनी असा शब्द घेतला ज्यात कोणीही लपू शकतं. पुण्याला त्यात गणपती सापडला, विहाराला बाटलेपणा सापडला. ज्याच्यासाठी होता त्याच्या थैलीत सीडी तशीच असेल तर हे सगळं फारच वाईट आहे.

मी तुमच्याशी कधी असं बोलले नाही. मी हे पत्र वाचून पाहणार नाही, नाहीतर पेटीत टाकवणार नाही.

दीपा


दारव्हा,
१६ ऑक्टोबर

मोठेबाबा, सप्रेम जयभीम.

तुम्ही मला उत्तर पाठवलं नाहीत. पुण्याच्या पेपराला पाठवलंत. मी तक्रार करत नाही, मागितलं तेच मिळालं. तरी पाकिटावर माझं नाव असतं तर मी ते जपून ठेवलं असतं. असो. तुमच्या पत्राचं इथे काय झालं हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून सांगते.

पेपर पहिल्यांदा श्रावणभाऊंनी पाहिला. सकाळी सायकलवरून आरडाओरडा करत आले. "इंद्रजितभाऊ! मास्तरनं ठोकलं पुन्याले!" पत्रिका तोवर छापून झाली होती आणि तीत 'पऱ्हाटी'चं नाव नव्हतं. समितीची रात्री बैठक झाली. काही जण म्हणाले, आता कशाला, एका माणसाच्या पत्रानं काय होतं. पण तुमचं ते वाक्य कोणाला खोडता येईना, 'बाप्पा हे वऱ्हाडात देवाचे नव्हे, माणसाचे संबोधन आहे. आमच्याकडे देवाला हाक मारण्याची प्रथा पन्नास वर्षांपूर्वी संपली, माणसाला हाक मारण्याची संपलेली नाही.' शेवटी नाव पत्रिकेत घालता येत नाही म्हणून फळ्यावर खडूनं लिहायचं ठरलं.

हे वाक्य तुम्ही मराठीच्या शिक्षकासारखं लिहिलं आहे, मोठेबाबा. पण मी ते वाचून मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

बाबांना मी पूर्ण वाचून दाखवलं. या वेळी काही सोडलं नाही. शेवटचा भागही नाही, ज्यात तुम्ही लिहिलं आहे, 'गाण्याची गुणवत्ता हा वेगळा प्रश्न असून, दोन ठिकाणी यमक सैल आहे.' ते मी भरभर वाचलं. वाटलं, झालं, आता हे पुन्हा नऊ वर्षं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तेवढं लिवाची गरज होती का त्या मानसाले?" बाबांनी हातातली मोटर खाली ठेवली. पेपर घेतला, आणि ती एकच ओळ स्वतः वाचली. ओठ हलवत. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि खोळीची तार सोडायला बसले. ती त्यांनी इतकी घट्ट पिळली होती की पक्कड लागली.

परवाचा कार्यक्रम. तुम्ही येणार नाही हे मला माहीत होतं तरी मी मागच्या बाजूला पाहत राहिले. गाण्याआधी श्रावणभाऊ माइकवर आले आणि त्यांनी तुमचं पत्र पहिल्यापासून वाचायला घेतलं. तारीख, संपादकांस सप्रेम नमस्कार, सगळं. बाबा खाली मान घालून उभे. श्रावणभाऊ यमकापर्यंत पोचणार असं दिसलं तशी जफरचाचांनी टिनावर काडी मारली. श्रावणभाऊ दचकले, लोक हसले, आणि गाणं सुरू झालं.

बाबांचा आवाज पहिल्या कडव्यात कापला. मला नागपूरच्या पेपरातली ती पोकळी आठवली. ती आहेच. पण 'बोल न बाप्पा' आलं तेव्हा बायकांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "बोलतो न बाप्पा, दम धर!" आणि मग पुढच्या वेळी सगळेच. साथीला गाणाऱ्या हिरासिंगकाकांचा सूर हसण्यात दोनदा सुटला. भंतेजींनी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं, त्यांनी मान हलवली. चांगलं वाजलं की नाही हे मला खरंच सांगता येत नाही, मी सगळा वेळ माझ्याच ओढणीचं टोक चावत होते. नंतर म्हातारे म्हणाले, ड्रम कमी करा. पुण्याहून काही आलेलं नाही. तो लेख लिहिणाऱ्यांनी तुमच्या पत्राखाली दोन ओळी छापल्या आहेत, 'शब्दाचा अर्थ मान्य, तरी श्रोत्याला देव ऐकू आला तर तो श्रोत्याचा हक्क.' बाबा म्हणाले, आयको बापडा.

आज सकाळी मी तुम्हाला लिहायला बसले तर बाबा मागे येऊन उभे राहिले. मी कागद झाकला. ते म्हणाले, "मले काय दिसत नाही का, पह्यल्या पत्रापासून? पोस्टमन मलेच सांगते, पोट्टी रोज उत्तर इच्यारते म्हनून." पण मागून हलेनात. म्हटलं, तुम्हाला काही कळवायचं आहे का? नाही म्हणाले. दुकानात गेले. परत आले.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, शुद्ध करत नाही.

"त्याले लिव, 'खाली' अन् 'गेली' सैल हाय हे मले लिवतानीच मालूम होतं. दुसरं कोणतं ते इच्यार."

तुमची,
दीपा